१०७ गाड्यांची मशीद

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बर्नार्ड्स नावाची एक टाउनशिप आहे. एप्रिल २०१२ मध्ये तिथल्या नियोजन मंडळापुढे एक अर्ज आला. ‘इस्लामिक सोसायटी ऑफ बास्किंग रिज’ या संस्थेने चार एकर जागा विकत घेतली होती आणि तिथे तिला सव्वाचार हजार चौरस फुटांची मशीद बांधायची होती. त्या वेळच्या नियमांनुसार त्या जागेवर प्रार्थनास्थळाला मुभा होती. संस्थेचे प्रमुख मोहम्मद अली चौधरी हे पाकिस्तानात जन्मलेले, अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले आणि २००४ साली याच टाउनशिपचे महापौर राहिलेले गृहस्थ. गावाला अनोळखी म्हणावेत असे ते नव्हते. तरीही या एका अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या, साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये मंडळाने अर्ज फेटाळला. अर्ज विचाराधीन असतानाच टाउनशिपने नियम बदलून प्रार्थनास्थळांसाठी किमान सहा एकर जागेची अटही घातली होती. फेटाळणीच्या कारणांत इस्लामबद्दल एक अक्षर नव्हते. पावसाच्या पाण्याचा निचरा, अग्निशमन दलाच्या गाडीला वळायला पुरेशी जागा, शेजाऱ्यांच्या बाजूची झाडांची आड, पायी येणाऱ्यांची सुरक्षितता अशा गोष्टींची चर्चा होती. आणि पार्किंगची.

पार्किंगचे हे गणित नीट समजून घ्यायला हवे, कारण साऱ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. टाउनशिपच्या नियमांत चर्च, सभागृह, नाट्यगृह अशा जागांसाठी तीन माणसांमागे एक गाडी असा हिशेब दिलेला होता. मशिदीत दीडशे माणसे येणार, म्हणजे पन्नास गाड्यांची जागा पुरे, असे संस्थेने धरले. मंडळाचे म्हणणे असे की नियमात ‘चर्च’ हा शब्द आहे, मशीद हा नाही. सबब हा हिशेब मशिदीला लागू होत नाही. मग वेगळा हिशेब मांडला गेला आणि आकडा १०७ वर गेला. यामागचे कारण अगदीच निराधार नव्हते. मुस्लिमांची मुख्य सामूहिक नमाज शुक्रवारी दुपारी असते, तो कामाचा दिवस, लोक कचेरीतून एकेकटे गाडी घेऊन येणार. रविवारी चर्चला कुटुंबे एका गाडीतून येतात, तसे इथे होणार नाही. मात्र ३१ डिसेंबर २०१६ रोजी संघराज्याचे न्यायाधीश मायकेल शिप यांनी निकाल देताना वेगळ्याच जागी बोट ठेवले. चर्चच्या किंवा ज्यूंच्या सिनेगॉगच्या बाबतीत अशी खास चौकशी मंडळाने कधी केली नव्हती. त्यांना नियमातला तयार आकडा मिळाला. मशिदीला मात्र मंडळाच्या मर्जीने ठरणारा आकडा. एकाच पेठेत एका गिऱ्हाइकाला छापील वजने आणि दुसऱ्याला हाताने तोलून माल, असा हा प्रकार होता. पुढे मे २०१७ मध्ये तडजोड झाली, मशिदीला परवानगी मिळाली आणि टाउनशिपच्या बाजूने साडेबत्तीस लाख डॉलर द्यावे लागले.

धर्मस्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राज्यघटनेतली भारदस्त वाक्ये येतात. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ सालची. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये आणि कुणाच्या धर्माचरणात आडकाठी आणू नये, असे ती सांगते. पण प्रार्थना एकत्र करायची तर छप्पर लागते, छपराला जमीन लागते आणि जमिनीवर वीट ठेवायची तर नियोजन मंडळाचा शिक्का लागतो. घटनेने दिलेले स्वातंत्र्य माणसाच्या हातात पडण्याआधी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असते, आणि तिथेच ते अडवणे सगळ्यात सोपे असते. कारण तिथे कुणी ‘तुमचा धर्म नको’ असे म्हणत नाही, ‘तुमच्या गाड्या फार’ असे म्हणते. त्यामुळे मशिदीच्या बांधकामाला होणारा लोकविरोध न्याय्य की अन्याय्य, हे विरोधकांच्या मनात काय आहे यावरून ठरवू नये, असे माझे म्हणणे आहे. मनात शिरता येत नाही. तपासायचे ते माप. जी अट चर्चला, सिनेगॉगला, देवळाला किंवा लग्नाच्या हॉललाही लागू आहे ती मशिदीला लावली तर मुसलमानाने तक्रार करू नये. आणि जी अट फक्त मशिदीपुरती निघाली, ती पार्किंगची असो की पाण्याची, ती धर्मावरचीच अट आहे असे समजावे.

हे माप कायद्यात आले त्याची कथा मशिदींपासून सुरू होत नाही. टेक्सासमधल्या बर्नी या छोट्या गावात सेंट पीटर नावाचे कॅथलिक चर्च होते. रविवारी माणसे मावेनात म्हणून ते वाढवायचे ठरले. इमारत वारसा-क्षेत्रात येते म्हणून गावाने परवानगी नाकारली. चर्चने १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा आधार घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये न्यायालयाने तो कायदा राज्यांना व गावांना लागू करण्याचा संसदेचा अधिकारच नाकारला. मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नवा आणि आटोपशीर कायदा केला. त्याचे नाव लांबलचक आहे. आद्याक्षरांवरून त्याला ‘रलुइपा’ म्हणतात. मॉर्मन पंथाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच आणि कॅथलिक डेमोक्रॅट एडवर्ड केनेडी या राजकारणात एरवी विरुद्ध बाजूंना असणाऱ्या दोघांनी तो पुढे आणला, दोन्ही सभागृहांत तो एकमताने संमत झाला आणि २२ सप्टेंबर २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. जमीनवापराचे नियम धर्माचरणावर विनाकारण मोठा बोजा टाकणारे नसावेत, प्रार्थनास्थळाला इतर जमावाच्या जागांपेक्षा वाईट वागणूक नसावी, एका पंथाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असे नसावे, आणि साऱ्या गावातून प्रार्थनास्थळे हद्दपार होतील असे नियम नसावेत, हे त्याचे सार. निचरा, उंची, रस्त्यापासूनचे अंतर या नियमांतून तो कुणालाही सूट देत नाही. कायदा झाला तेव्हा संसदेपुढे प्रामुख्याने लहान चर्चेसच्या आणि ज्यूंच्या प्रार्थनास्थळांच्या तक्रारी होत्या. दहा वर्षांनंतर चित्र पालटले.

अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१६ साली एक अहवाल काढला. त्यानुसार २००० पासून ऑगस्ट २०१० पर्यंत या कायद्याखाली खात्याने केलेल्या जमीनविषयक चौकशांपैकी १५ टक्के चौकशा मशिदींच्या किंवा इस्लामी शाळांच्या होत्या. त्यानंतरच्या काळात हे प्रमाण ३८ टक्क्यांवर गेले. देशात मुस्लिमांची संख्या एक टक्क्याच्या आसपास. याहून बोलका आकडा पुढचा आहे. इतर धर्मीयांच्या प्रकरणांत खात्याने चौकशी सुरू केली की १०० पैकी ८४ वेळा कोर्टाची पायरी न चढता मार्ग निघत असे. मशिदींच्या प्रकरणांत असा मार्ग १०० पैकी २० वेळाच निघाला. भांडण खरोखर गाड्यांचे आणि गटारांचे असते, तर गाड्यांचा आणि गटारांचा तोडगा निघाल्यावर ते मिटायला हवे होते. चर्चच्या बाबतीत ते मिटत होते. मशिदीच्या बाबतीत एक शंका फिटली की दुसरी उभी राहत होती. बर्नार्ड्समधल्या ३९ सुनावण्यांचा अर्थ या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहिला की लख्ख दिसतो.

२०१० हे वर्ष या आकडेवारीत वळण का ठरले, याचे उत्तर न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटर जिथे उभे होते, तिथून दोन ब्लॉकवर पार्क प्लेस नावाच्या रस्त्यावर कपड्यांच्या दुकानाची एक जुनी इमारत होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा तुकडा तिच्यावर येऊन पडला आणि ती बंद झाली. २००९ साली शरीफ एल-गमाल या बांधकाम व्यावसायिकाने ती घेतली. इमाम फैसल अब्दुल रौफ यांच्या साथीने तिथे तेरा मजली केंद्र उभारायची कल्पना होती: ५०० आसनांचे सभागृह, पोहण्याचा तलाव, बास्केटबॉलचे मैदान, ११ सप्टेंबरच्या मृतांचे स्मारक आणि नमाजाची जागा. मॅनहॅटनमध्येच ज्यू समाजाचे ‘नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय’ हे जुने सांस्कृतिक केंद्र आहे. तो नमुना डोळ्यांपुढे होता. मे २०१० मध्ये स्थानिक मंडळाने २९ विरुद्ध १ मतांनी पाठिंबा दिला, दहा जण तटस्थ राहिले. त्यानंतर देशभर वणवा पेटला. ‘ग्राउंड झीरो मशीद’ हे नाव रूढ झाले, जरी ती ग्राउंड झीरोवर, म्हणजे कोसळलेल्या टॉवरांच्या जागेवर, नव्हती आणि नुसती मशीदही नव्हती. ऑगस्टमध्ये सीएनएनच्या चाचणीत ६८ टक्के अमेरिकनांनी योजनेला विरोध नोंदवला. ३ ऑगस्टला शहराच्या वारसा आयोगाने इमारतीला वारसा दर्जा देऊन बांधकाम अडवण्याची मागणी ९ विरुद्ध ० मतांनी फेटाळली, आणि त्याच दिवशी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी गव्हर्नर्स आयलंडवर, पाठीमागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ठेवून, या केंद्राच्या हक्काच्या बाजूने भाषण केले. ब्लूमबर्ग ज्यू आहेत, आणि याच शहरात सतराव्या शतकात ज्यूंना सिनेगॉग बांधू दिले नव्हते, याची आठवण त्यांनी करून दिली.

पार्क प्लेसच्या विरोधातला सर्वांत वजनदार आक्षेप द्वेष्ट्यांचा नव्हता. तो सभ्य माणसांचा होता: हक्क आहे हे मान्य, पण ज्यांची माणसे तिथे जळून मेली त्यांच्या जखमेचा मान राखायला नको का? ‘अँटी-डिफमेशन लीग’ ही १९१३ पासून ज्यूद्वेषाशी लढणारी संस्था. तिनेही जुलै २०१० मध्ये हीच भूमिका घेतली. मुंबईत जन्मलेले, महाराष्ट्राचे मंत्री राहिलेल्या रफिक झकेरिया यांचे पुत्र, पत्रकार फरीद झकेरिया यांनी त्यावर लीगने आपल्याला दिलेला सन्मान आणि दहा हजार डॉलर परत केले. या बाजूच्या लोकांनी ऑश्वित्झचा दाखला दिला होता, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नाझींच्या त्या मृत्युछावणीला लागून कॅथलिक जोगिणींनी मठ थाटला होता. ज्यूंच्या वेदनेची कदर करून पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ साली त्यांना तिथून हलायला सांगितले. जोगिणी काही मारेकरी नव्हत्या, मग मुस्लिमांनीही तसाच मोठेपणा का दाखवू नये? मला यात दोन फरक दिसतात. तो मठ छावणीच्या भिंतीला खेटून होता आणि तिथल्या मृतांसाठीच प्रार्थना करायला आलेला होता, म्हणजे ज्यूंच्या मरणावर ख्रिस्ती खूण उमटण्याचा प्रश्न होता. पार्क प्लेसला कुणाच्या मरणावर हक्क सांगितला जात नव्हता. त्या दिवशी मेलेल्यांत खुद्द मुस्लिमही होते आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण टॉवरच्या सतराव्या मजल्यावर मुस्लिम कर्मचाऱ्यांची नमाजाची खोली होती. दुसरा फरक अंतराचा. दोन ब्लॉक नकोत, तर किती चालतील? त्या परिसरात दारूचे गुत्ते होते, नग्ननृत्याचे क्लब होते, आणि चार ब्लॉकवर १९७० पासून चालत आलेली एक मशीदही होती. त्यांपैकी कशानेही त्या भूमीचे पावित्र्य भंगले असे कुणी म्हटले नव्हते.

अंतराच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षी इतर गावांनी दिले. टेनेसी राज्यातले मर्फ्रीसबरो न्यूयॉर्कपासून हजार किलोमीटरहून दूर. तिथे विद्यापीठ आहे. प्राध्यापक, डॉक्टर, विद्यार्थी, दुकानदार अशी अनेक मुस्लिम कुटुंबे वर्षानुवर्षे अपुऱ्या जागेत नमाज पढत होती. मे २०१० मध्ये काउंटीच्या नियोजन आयोगाने त्यांना गावाबाहेरच्या त्यांच्याच जमिनीवर मशीद बांधायला मंजुरी दिली. जागेवर लावलेल्या फलकाची मोडतोड झाली, मोर्चे निघाले, आणि ऑगस्टच्या अखेरीस बांधकामाची यंत्रे पेटवून दिली गेली. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला या गावात तर निदर्शक नमाजाच्या जागेसमोर कुत्री घेऊन आले. इथे कुठला ग्राउंड झीरो होता? कुणाची जखम दोन ब्लॉकवर होती? न्यूयॉर्कमध्ये ‘इथे नको, थोडे पलीकडे’ म्हणणाऱ्यांतले बहुतेक प्रामाणिक असतील, यात मला शंका नाही. पण पलीकडे गेले की तिथलेही लोक तेच म्हणत होते. अँटी-डिफमेशन लीगने २०२१ साली, घटनेला अकरा वर्षे उलटल्यावर, आपली तेव्हाची भूमिका चुकीची होती असे जाहीरपणे कबूल करून माफी मागितली. इतक्या जुन्या संस्थेने इतक्या स्पष्टपणे पाऊल मागे घ्यावे, ही मोठी गोष्ट आहे.

मर्फ्रीसबरोचा खटला या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. विरोधकांच्या वकिलांनी कोर्टात मांडलेला मुद्दा असा: इस्लाम हा धर्मच नव्हे, ती राजकीय विचारप्रणाली आहे, सबब पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण तिला नाही. राज्याचे तेव्हाचे नायब गव्हर्नर रॉन रॅम्से यांनीही प्रचारात इस्लामला धर्म म्हणावे, राष्ट्रीयत्व म्हणावे की ‘कल्ट’ म्हणावे, अशी शंका काढली होती. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याला कोर्टात लेखी निवेदन द्यावे लागले की इस्लाम हा धर्म आहे. ज्या देशाच्या पायाभरणीतच या प्रश्नाचे उत्तर दिलेले होते तिथे ही वेळ यावी, हे खेदाचे आहे. व्हर्जिनिया राज्याने १७८६ साली थॉमस जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, तेव्हा प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालावे अशी दुरुस्ती सुचवली गेली होती आणि मोठ्या बहुमताने ती पडली. जेफरसन यांनी पुढे आत्मचरित्रात त्याचा अर्थ सांगितला: या कायद्याच्या छत्राखाली ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कशावरच विश्वास नसलेला असे सगळे यावेत, हाच हेतू होता. व्हर्जिनियात त्या काळी हिंदू जवळजवळ नव्हतेच. त्यांचे नाव यादीत आले ते मतांसाठी किंवा शेजारधर्म म्हणून नव्हे. माप सगळ्यांना एक असेल तरच ते माप, या हिशेबाने आले.

खटल्याचा पुढचा भाग याच मापाचा आहे. ‘इस्लाम धर्म नाही’ हा मुद्दा टिकला नाही. पण मे २०१२ मध्ये राज्याच्या न्यायालयाने दुसऱ्या कारणावरून मंजुरी रद्द केली: बैठकीची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात नीट छापली गेली नव्हती, आणि विषय एवढ्या लोकांच्या जिव्हाळ्याचा असताना अधिक ठळक सूचना हवी होती. त्याच काउंटीत चर्चेसना मंजुरी देताना अशाच सूचनेवर भागले होते. थोडक्यात, लोक जितके चिडलेले तितकी अर्जदाराच्या वाट्याची अट कडक. गर्दीच्या रागाला कायद्याच्या भाषेत रूपांतरित करण्याची ही सरळ वाट होती, आणि संघराज्याच्या न्यायालयाने ती बंद केली. १८ जुलै २०१२ रोजी न्याय खाते आणि मशीद या दोघांनीही तिथे दाद मागितली, त्याच दिवशी न्यायाधीश टॉड कॅम्पबेल यांनी भोगवटा प्रमाणपत्राची प्रक्रिया पुरी करण्याचा आदेश दिला, आणि १० ऑगस्टला, रमजानच्या महिन्यात, नव्या इमारतीत शुक्रवारची पहिली नमाज झाली. पुढच्या वर्षी राज्याच्या अपील न्यायालयाने सूचनेबाबतचा निकालही उलटवला.

मग बहुमताचे काय? लोकशाहीत गावातल्या बहुसंख्यांना एखादी वास्तू नको असेल तर त्यांचे ऐकायचे नाही का? या प्रश्नाचे दुसरे टोक स्वित्झर्लंडमध्ये पाहायला मिळते. वांगेन नावाच्या लहानशा गावात तुर्की मुस्लिमांच्या संस्थेने एक मिनार बांधायचे ठरवले, त्यावरून सुरू झालेले भांडण देशव्यापी झाले आणि २९ नोव्हेंबर २००९ रोजी सार्वमत घेण्यात आले. सरकार आणि संसद दोघांनीही प्रस्तावाविरुद्ध मत द्या असे सांगितले होते. तरी ५७.५ टक्के मतदारांनी तो उचलून धरला आणि मिनार बांधायला मनाई हे वाक्य थेट राज्यघटनेत गेले. त्या वेळी साऱ्या देशात मिनार होते चार. चार मिनारांनी कुणाचा वारा अडवला होता, कुणाचा प्रकाश? चर्चचे उंच मनोरे तसेच राहिले. उंचीचा नियम करायचा तर मीटरमध्ये करता आला असता आणि तो सर्वांना लागू झाला असता. स्विस मतदारांनी उंचीवर नव्हे, आकारामागच्या धर्मावर मत दिले. बहुमताने रस्ते ठरवावेत, कर ठरवावेत, शहराचा आराखडा ठरवावा. पण हक्कांची यादी घटनेत घालण्याचे कारणच मुळात हे असते की काही गोष्टी मतमोजणीला लावायच्या नाहीत. जो बहुमताला आवडतो त्याला धर्मस्वातंत्र्याच्या कलमाची गरज पडत नाही. याच गोंधळाचे प्रतिबिंब पार्क प्लेसबद्दल क्विनिपिॲक विद्यापीठाने न्यूयॉर्क राज्यात घेतलेल्या चाचणीत दिसले: ५४ टक्के मतदारांनी मुस्लिमांना तिथे बांधण्याचा हक्क आहे असे म्हटले, आणि ७१ टक्क्यांनी त्यांनी आपणहून दुसरीकडे जावे असे म्हटले. हक्क मान्य, वापर अमान्य.

दोन आक्षेप आणखी ऐकू येतात. पहिला, सौदी अरेबियात चर्च बांधू देत नाहीत, मग आम्ही मशीद का बांधू द्यावी? सौदी राजवटीचे ते वागणे निंद्यच आहे. परंतु मर्फ्रीसबरोचा डॉक्टर सौदी राजाचा जामीन राहिलेला नाही. तो अमेरिकेत कर भरतो, त्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेने दिला आहे आणि घटना दुसऱ्या देशाच्या वागणुकीवर चालत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा: मशिदीत अतिरेकी घडतात. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या अभ्यासकांनी जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उलट चित्र निघाले. समाजाच्या उघड्या, नांदत्या मशिदी तरुणांना कडवेपणापासून दूर ठेवायला मदत करतात असे त्यांना आढळले. एखाद्या ठिकाणी कटाचा पुरावा असेल तर पोलिसांनी जरूर पकडावे. तो पुरावा नियोजन मंडळाच्या पार्किंगच्या फायलीत सापडणार नाही.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंगपर्यंत जाऊन यावे. १६५७ साली हे शहर डचांकडे होते. गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याने क्वेकर पंथाच्या सभांवर बंदी घातली होती. फ्लशिंगच्या सुमारे तीस रहिवाशांनी २७ डिसेंबरला त्याला निषेधाचे पत्र लिहिले. सही करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. दुसऱ्यांच्या प्रार्थनेसाठी त्यांनी आपली मान पुढे केली, काही जण तुरुंगात गेले. आणि त्या पत्रात त्यांनी ज्यूंबरोबर तुर्कांचाही, म्हणजे त्या काळच्या भाषेत मुसलमानांचाही, उल्लेख केला. पुढे जॉन बाउन या रहिवाशाने क्वेकरांना आपल्या घरात प्रार्थनेला जागा दिली म्हणून १६६२ मध्ये त्याला पकडून हद्दपार केले. वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीने १६६३ साली स्टायव्हसंटला समज दिली आणि बाउन परत आला. त्याचे घर अजून उभे आहे. रस्त्याला त्याचे नाव आहे, आणि त्याच बाउन स्ट्रीटवर ४ जुलै १९७७ रोजी गणपतीच्या देवळाची प्रतिष्ठापना झाली. महावल्लभ गणपती देवस्थान म्हणून ते अमेरिकेतल्या भारतीयांना ठाऊक आहे, आणि २०२२ पासून रस्त्याच्या त्या भागाला गणेश टेंपल स्ट्रीट असेही नाव मिळाले आहे. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना बर्नार्ड्सच्या शेजारचे ब्रिजवॉटरही चांगले परिचयाचे, तिथल्या बालाजीच्या देवळामुळे. त्याच ब्रिजवॉटरमध्ये २०११ साली ‘अल फलाह सेंटर’ या मुस्लिम संस्थेचा अर्ज आल्यावर टाउनशिपने घाईघाईने नियम बदलला, मोठ्या रस्त्यांखेरीज प्रार्थनास्थळ नको अशी अट घातली, आणि २०१४ साली साडेसत्त्याहत्तर लाख डॉलरच्या तडजोडीला तयार झाली. न्यू जर्सीतच १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी कपाळाच्या कुंकवावरून भारतीयांना धमकावत होती. ज्यांच्या देवळाला आज वाट मोकळी आहे त्यांनी शेजारच्या मशिदीच्या सुनावणीत कोणत्या बाजूच्या खुर्चीवर बसायचे, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नाही.

रहिवाशांची बाजू मात्र मी हलकी मानत नाही. शांत गल्लीत घर घेतलेल्या माणसाला दर शुक्रवारी दुपारी शंभर गाड्या दाराशी नको असतात, आणि त्याने सभेत उठून तसे सांगितले तर तो धर्मद्वेष्टा होत नाही. रलुइपावरही गंभीर टीका होते: गावाच्या कारभाऱ्यांना लाखो डॉलरच्या खटल्याची भीती दाखवून धार्मिक संस्था हवे ते पदरात पाडून घेतात, ग्रंथालयाला किंवा वृद्धाश्रमाला न मिळणारे कवच त्यांना मिळते. ही टीका काही अंशी खरी आहे. मोठमोठ्या चर्चेसनी या कायद्याचा आधार घेऊन गावांना जेरीस आणल्याची तक्रार होते, आणि बोजा किती मोठा म्हणजे ‘मोठा’, याबद्दल न्यायालयांतही एकमत नाही. पण समान वागणुकीच्या कलमाबाबत ही तक्रार टिकत नाही. बर्नार्ड्सला कुणी नियम सैल करायला सांगितले नव्हते. तीन माणसांमागे एक गाडी हा नियम टाउनशिपचाच होता. तो अपुरा वाटत असेल तर सर्व प्रार्थनास्थळांसाठी दोन माणसांमागे एक गाडी करायला तिला कुणी अडवले नसते. चर्चच्या भाविकांनी त्यावर काय म्हटले असते, ते मात्र पाहावे लागले असते. तडजोडीत टाउनशिपने आपल्या अधिकाऱ्यांना या कायद्याचे प्रशिक्षण द्यायचे कबूल केले.

एवढे असूनही कायद्याचा हात किती पोहोचतो, हे पार्क प्लेसला दिसते. तिथे मुस्लिम बाजू प्रत्येक अधिकृत टेबलावर जिंकली: स्थानिक मंडळ, वारसा आयोग, महापौर, देशाच्या अध्यक्षांनीही इफ्तारच्या भोजनात त्यांचा हक्क मान्य केला. केंद्र उभे राहिले नाही. इमाम आणि विकासक वेगळे झाले, देणग्या जमल्या नाहीत, वर्षभर देशाच्या रागाचे केंद्र झालेल्या नावाशी जोडून घ्यायला फारसे कुणी तयार नव्हते. जुनी इमारत पाडली गेली आणि तिथे ४३ मजल्यांचा आलिशान सदनिकांचा टॉवर हाती घेण्यात आला. पलीकडच्याच बार्कले स्ट्रीटवर सेंट पीटर चर्च आहे, १७८५ साली स्थापन झालेले, न्यूयॉर्क राज्यातले सर्वांत जुने कॅथलिक चर्च. कॅथलिक म्हणजे परक्या पोपचे हस्तक, असा तेव्हा समज होता, आणि १८०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री जमावाने त्या चर्चला वेढा घातला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज मरण पावले, तेव्हा जवानांनी त्यांचा देह उचलून त्याच चर्चमध्ये वेदीसमोर आणून ठेवला.